दीड वर्षाचा फरक

मारुंजीत मुलगी बारावी सायन्स पास झाली की घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो. आयटीवाला भाडेकरू म्हणतो कॉम्प्युटर घ्या, दूधवाला म्हणतो नर्सिंगला लगेच नोकरी. हे सल्ले चहाबरोबर संपतात. आमच्या घरात मात्र यंदा दोन सल्ले असे आले की ते चहावर संपेनात, कारण देणारी दोन्ही माणसं त्यात मुरलेली होती. एक माझ्या नणंदबाई, आमच्या ताई. डी.फार्म, मग नोकरी सांभाळून बी.फार्म, आणि आता मारुंजी रस्त्याला त्यांचं स्वतःचं मेडिकल. दुसरा माझा भाऊ, दादा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी., हिंजवडीत एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला.

लेकीचे विषय फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. नीटमधून एमबीबीएस मिळण्याइतके मार्क नाहीत, आयसरच्या परीक्षेत नंबर लागला नाही, सीईटीचं पर्सेंटाइल बरं आहे. आवड विचाराल तर केमिस्ट्री. म्हणजे उरल्या दोन वाटा: सांगवीच्या बाबूरावजी घोलप कॉलेजात किंवा मॉडर्नला बी.एस्सी. केमिस्ट्री, नाहीतर बी.फार्म. माझी स्वतःची बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राची. ती लग्नाच्या कागदांबरोबर एकाच फाइलीत आहे, त्यामुळे या वादात माझं मत कोणी विचारलं नाही. मी ऐकत होते, आणि ऐकताना जे पटलं, जे खटकलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात ताईंनी केली, तीही थेट.

"बी.एस्सी. करून ही काय दाखवणार? पदवी दाखवणार. बी.फार्म झाली की फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवेल. पदवी भिंतीवर लावतात, रजिस्ट्रेशन दुकानात लावावं लागतं. 1948 चा फार्मसी कायदा आहे, त्याचं 42 वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणजे देशातल्या प्रत्येक मेडिकलला माझ्यासारखं एक माणूस लागणारच. केमिस्ट्रीच्या पदवीधराशिवाय अडून राहील असं एक तरी दुकान दाखवा, भाऊ."

दादा हसला. "दुकान नाही दाखवत. पण ताई, तुमच्या कपाटातलं औषध आलं कुठून? पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, दुसऱ्या वर्षी पेनिसिलिन काढायला लागली. तिथेच हामायसिन सापडलं, बुरशीवरचं. शोधणारे थिरुमलाचार, बुरशीशास्त्राचे अभ्यासक. ज्या जंतूपासून ते काढलं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जंतूच्या नावात पिंपरी! फार्मासिस्टने ते नीट मापून, बाटलीत भरून, दुकानातून दिलं असेल. पण मातीतून वर काढलं ते शास्त्रज्ञाने."

"साठ वर्षांपूर्वी," ताई म्हणाल्या.

"बरं, आत्ताचं सांगतो. जेमकोवॅक, आपल्या देशाची पहिली एमआरएनए लस, 2022 च्या जूनमध्ये तिला परवानगी मिळाली. जेनोव्हा कंपनी, हिंजवडी फेज टू. तुमच्या दुकानापासून स्कूटरवर. ल्युपिनचं रिसर्च पार्क नांद्याला, आपल्याच मुळशी तालुक्यात. पाषाणला एनसीएल, तिच्या शेजारी आयसर. लोक मुलांना संशोधनाला परदेशी पाठवतात. आपल्याला तर सूसच्या रस्त्याने गेलं की झालं."

इथे मला दादाला टोकावंसं वाटलं. प्रयोगशाळा जवळ असणं आणि तिच्यात आपल्या पोरीला जागा असणं यांत फार अंतर आहे. या गावातल्या किती जणांनी एनसीएलचं फाटक आतून पाहिलंय? पण ताईंनीच तो मुद्दा उचलला, आणि अधिक कडक उचलला.

"त्या लस बनवणाऱ्या खोलीत बी.एस्सी. झालेली पोरं काय करतात, ते सांगा ना."

दादा जरा थांबून म्हणाला, "नुसत्या बी.एस्सी.वर? काचेची भांडी, सॅम्पल, रेकॉर्ड. खोटं कशाला बोलू. आमच्या विभागात प्रयोग आखणारा माणूस एम.एस्सी. असतो, त्याच्या वरचा बहुधा पीएच.डी. बी.एस्सी. हे अर्ध्यात सोडायचं शिक्षण नाही. चढायला लागलं तर वरपर्यंत चढायचं."

दोघांचा वाद खरं तर इथेच सुरू झाला असं मला वाटतं. त्याआधीचं सगळं सलामीचं होतं. फार्मसीच्या पदवीची किंमत सरकारने कायद्यात लिहून ठेवली आहे आणि ती पदवी मिळाल्या दिवसापासून वसूल होते. विज्ञानाच्या पदवीची किंमत पुढच्या पदवीत आहे, तिच्यापुढच्या परीक्षेत आहे. म्हणून आपल्याकडे मध्येच थांबलेल्या मुलींच्या बी.एस्सी. फाइलीत जातात. माझी गेली ती अशीच.

ताईंना कायदा पाठ आहे, आणि आपल्याला तो पाठ आहे याचा अभिमानही आहे. त्यांनी पुढचा पत्ता टाकला. "ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं असेल तर? औषधांच्या नियमांतला 49 वा नियम. फार्मसीची पदवी हवी, नाहीतर डॉक्टर, तोही ठरावीक विषयातला. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्याला एमपीएससीचा तो फॉर्मच भरता येत नाही."

"49 वा नियम वाचलात तर 71 वा पण वाचा," दादा म्हणाला. बहुधा याच क्षणाची तो वाट पाहत होता. "औषध बनवायच्या कारखान्यात ज्याच्या देखरेखीखाली उत्पादन होतं, तो तांत्रिक माणूस कोण असावा ते त्यात लिहिलंय. फार्मसीचा पदवीधर, कारखान्यातला दीड वर्षाचा अनुभव असलेला. किंवा केमिस्ट्री हा मुख्य विषय घेऊन झालेला विज्ञान पदवीधर, अनुभव तीन वर्षांचा. म्हणजे कायद्याने आम्हाला दाराबाहेर ठेवलेलं नाही."

"पण दुप्पट वेळ उभं केलंय! तुम्हाला तीन वर्षं, आम्हाला दीड. फरक सरकारनेच सांगितला की!"

"ताई, आता बेरीज करा. बी.एस्सी. तीन वर्षांची, अधिक तीन, सहा. बी.फार्म चार वर्षांची, अधिक दीड, साडेपाच. तुमचा दीड वर्षाचा फरक सहा महिन्यांवर आला."

ताई गप्प झाल्या, आमच्या घरात हे क्वचित घडतं. ह्यांनीही फोनमधून मान वर केली. हिशेब चोख होता. पण बेरीज बरोबर असली तरी बाजार त्या बेरजेने चालत नाही, हेही दादाला ठाऊक आहे. नियम म्हणतो की दोघं चालतील. जाहिरात देणारा मात्र लिहितो, "बी.फार्म / एम.फार्म प्राधान्य", किंवा थेट "एम.एस्सी. ऑरगॅनिक". नुसत्या बी.एस्सी.ला प्राधान्य देणारी जाहिरात मी तरी शोधून पाहिली नाही आणि आपोआप समोरही आली नाही.

मग दादाने क्वालिटी कंट्रोलच्या लॅबचं वर्णन केलं, आणि ते मला या साऱ्या चर्चेत सर्वांत बोलकं वाटलं. तिथे एक यंत्र असतं, गोळी किती वेळात विरघळते ते पाहायचं. सहा काचेची भांडी रांगेने, प्रत्येकात बहुतेक वेळा 900 मिलिलिटर द्रव, तापमान शरीराइतकं, 37 अंश. वरून सहा वल्ही फिरतात, मिनिटाला ठरलेले फेरे. सहा भांड्यांत एकेक गोळी सोडायची आणि घड्याळ लावून ठरल्या वेळी सिरिंजने नमुना ओढायचा. एक नमुना अर्धा मिनिट उशिरा ओढला तर त्याचं कारण लिहावं लागतं. "त्या यंत्रासमोर आमच्याकडे तीन मुली उभ्या राहतात," दादा म्हणाला. "एक बी.एस्सी., एक एम.एस्सी., एक बी.फार्म. काम तेच, टोपी तीच, अंगावरचा पांढरा गाऊन तोच. पहिल्या दिवशी ओळखून दाखवा कोण कोण ते."

"आणि पाच वर्षांनी?" ताईंनी विचारलं.

"पाच वर्षांनी ओळखू येतात," त्याने मान्य केलं. "बी.एस्सी. एकतर एम.एस्सी. करायला गेलेली असते, नाहीतर तिथेच असते."

लेक आतापर्यंत काकडी चिरत ऐकत होती. ती म्हणाली, "मामा, समजा मी फार्मसी घेतली आणि मग मला कळलं की मला लॅबच हवी होती. मग?"

मला वाटलं दादा तिला घाबरवेल. पण त्याने जे सांगितलं ते उलट ताईंच्या बाजूचं होतं. सीएसआयआर-नेट ही पीएच.डी.च्या फेलोशिपची परीक्षा. तिला साधारणपणे एम.एस्सी. लागते, पण बी.फार्म झालेल्यालाही ती थेट देता येते, 55 टक्के असले की झालं. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37 हजार, घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर 42 हजार. म्हणजे फार्मसीतून विज्ञानात यायला दार आहे. उलट दिशेने? बी.एस्सी. करून फार्मसीत जायचं ठरवलं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला डी.फार्मवाल्याला घेतात, बी.एस्सी.वाल्याला नाही.

ताईंचा चेहरा खुलला. "ऐकलंस? दार एकाच बाजूने उघडतं."

"उघडतं, पण उंबरा उंच आहे," दादा म्हणाला. "नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर उघडून बघ. क्वांटम केमिस्ट्री, इनऑरगॅनिक, स्पेक्ट्रोस्कोपी, ग्रुप थिअरी. बी.फार्ममध्ये यातलं जेवढं असतं ते औषधापुरतं. फार्माकॉलॉजी आहे, फार्माकॉग्नोसी आहे, फार्मास्युटिक्स आहे, वर औषध कायदा आहे. चांगलं आहे ते, आम्हाला त्यातलं काही येत नाही. पण अणूच्या पोटात शिरायचं म्हटलं तर चार वर्षांनी तू माझ्याच फळ्यासमोर पुन्हा पहिल्या इयत्तेत. दाराची पाटी वाचून खूश होऊ नकोस."

आणि त्याने दुसरी बाजूही भरली. आता नव्या धोरणात बी.एस्सी.चं चौथं वर्ष करता येतं. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीवर, 75 टक्के असतील तर, एम.एस्सी. न करताही पीएच.डी.ला प्रवेशाचा मार्ग यूजीसीने 2022 च्या नियमांत ठेवलाय. तीन वर्षांनी आयआयटीची जॅम परीक्षा देऊन मुंबई आयआयटीत एम.एस्सी. करता येते. विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग तर गणेशखिंडीतच. "फक्त एक अट," तो म्हणाला, "जॅमचा अभ्यास पहिल्या वर्षापासून. तिसऱ्या वर्षी आठवण झाली की उशीर झालेला असतो."

यावर ताईंनी पैशाचा विषय काढला, आणि तो काढायलाच हवा होता. खासगी फार्मसी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या घरात, अनुदानित कॉलेजातली बी.एस्सी. काही हजारांत. आजवर हा मुद्दा कायम बी.एस्सी.च्या बाजूने पडायचा. पण 8 जुलै 2024 च्या सरकारी निर्णयाने चित्र पालटलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात ही सवलत लागत नाही.

"मारुंजीतच ॲलार्डच्या आवारात फार्मसी कॉलेज आहे, पिंपरीत डी. वाय. पाटीलचं आहे, निगडीला मॉडर्नचं आहे," ताई म्हणाल्या. "ऑप्शन फॉर्म भरताना प्रत्येक कॉलेजला एकच विचारायचं: माझ्या वर्षाचा प्रवेश कोणत्या विद्यापीठाखाली होणार? पुणे विद्यापीठ की स्वतःचं खासगी? फी माफी त्यावर ठरते. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच."

एवढं म्हणून त्यांनी आपल्या भावाकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. खोल्यांचं भाडं धरून आपण आठ लाखांच्या आत बसतो का, हा प्रश्न घरात तसाच लटकलेला आहे. ह्यांनी तेवढ्यात एका भाडेकरूचा फोन घेतला.

भाड्यावरून आठवलं, ते इथेच सांगते. आमच्या भागात जमिनी गेल्या, ऊस गेला, तांदूळ कमी झाला, आणि त्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. त्या खोल्यांमुळे आमच्यासारख्या घरांना एक गोष्ट परवडते जी चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या बापाला परवडत नाही: थांबणं. एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं, पीएच.डी.पर्यंत दहा. ज्या घरात चार वर्षांनी पगार यायलाच हवा, त्या घराला दादाचा सल्ला लागू नाही, कितीही खरा असला तरी. हे मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "मान्य. पण तुझ्या घराला लागू आहे ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता त्याने ताईंच्या बाजूची फट शोधली. फार्मसी कौन्सिलने 2019 मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती, कारण कॉलेजं फार झाली होती. 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही, आणि मग पुन्हा नव्या कॉलेजांची रांग लागली. "जिथे शिकवणारेच पुरेसे नाहीत तिथून बी.फार्म झालेलं पोर आमच्याकडे मुलाखतीला येतं. त्याला पीएच काय विचारलं तर गुगल डोळ्यांत दिसतं. रजिस्ट्रेशन मात्र पक्कं. ताई, सगळ्यांकडे असलेलं रजिस्ट्रेशन किती दिवस किमतीचं राहणार?"

ताईंनी हे नाकारलं नाही. उलट आपल्या धंद्यातली आणखी एक वाईट गोष्ट स्वतःच सांगितली. फार्मासिस्ट घरी बसतो, त्याचं सर्टिफिकेट दुकानाला भाड्याने, आणि काउंटरवर दहावी झालेला मुलगा. 2012 च्या सुमारास महेश झगडे राज्याचे एफडीए आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर हवाच म्हणून तपासण्या लागल्या, तेव्हा केमिस्ट मंडळी खवळली होती. "मी तेव्हाही म्हणत होते, बरोबर आहे. माझ्या सहीला किंमत हवी असेल तर सहीमागे मी उभी हवी."

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या काउंटरमागे नेमकं काय चालतं. संध्याकाळी सातनंतर कंपन्या सुटतात, मारुंजी रस्ता तुंबतो, आणि दुकानात गर्दी. आयटीतला मुलगा मोबाइलवरचा फोटो दाखवतो, अल्प्राझोलमची चिठ्ठी, सहा महिने जुनी. ती द्यायची नाही. बांधकामावरची बाई एक फाडलेली पट्टी आणते, नाव फाटलेल्या बाजूला गेलंय, फक्त "ल" आणि मागे एक्सपायरी शिल्लक. तिला कशासाठी घेत होतीस, किती वेळा, कुठल्या रंगाची, असं विचारत विचारत औषध ओळखायचं, आणि ओळखता आलं नाही तर दवाखान्यात पाठवायचं. 2014 च्या 1 मार्चपासून शेड्यूल एच-वनचं रजिस्टर वेगळं ठेवावं लागतं: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून. त्यात भारी अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत, झोपेच्या गोळ्या आहेत. "एखादं नाव महिन्यात तीनदा आलं की मी त्या माणसाशी बोलते. हे काम रसायनाचं नाही, भाऊ. हे माणसाच्या शरीराचं आणि थोडं त्याच्या मनाचं आहे. हे बी.एस्सी.त नाही शिकवत."

"नाही शिकवत," दादा म्हणाला.

ताईंना वाटलं असावं की जिंकलो. पण तेवढ्यात लेकीने मामाला विचारलं, "तू नवीन असं काय शोधलंस?" प्रश्न निरागस नव्हता. तिला मामाचं शास्त्र किती खरं आहे ते पाहायचं होतं.

"नवीन औषध? एकही नाही," दादा म्हणाला. "आपल्याकडचे बहुतेक केमिस्ट जुनंच औषध नव्या वाटेने बनवतात. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाचं नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीचं पेटंट मिळायचं. म्हणून ज्याला दुसरी वाट काढता येते तो केमिस्ट सोन्याच्या भावाचा झाला. 2005 ला औषधाचंच पेटंट परत आलं, तरी वाट काढायचं काम राहिलंच. मी शोधल्या त्या अशुद्धी."

आणि मग त्याने ते सांगितलं जे ऐकताना ताईसुद्धा पुढे सरकून बसल्या.

औषध बनवताना सोबत इतर पदार्थ थोडे थोडे तयार होतात. एचपीएलसी नावाच्या यंत्रात औषधाचं एक मोठं शिखर दिसतं आणि बाजूला छोट्या टेकड्या. रोजचा डोस दोन ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधात एखादी टेकडी 0.10 टक्क्याच्या वर गेली की तो पदार्थ काय आहे ते शोधून काढावंच लागतं. हजारात एक भाग. त्या एका भागाची ओळख पटवण्यात दादाचे महिने जातात. पदार्थ वेगळा काढायचा, त्याचं वजन मोजायचं, रचना मांडायची, मग तोच पदार्थ स्वतः बनवून जुळतो का ते पाहायचं.

"2018 मध्ये वाल्सार्टन आठवतंय का, ताई? ब्लड प्रेशरची गोळी."

"आठवत नाही कसं! लोक पेपरातलं कात्रण घेऊन दुकानात यायचे."

"त्या औषधात एनडीएमए सापडलं. कर्करोग होऊ शकेल असा पदार्थ. एका चिनी कंपनीने बनवायची पद्धत बदलली होती. डीएमएफ हा द्रावक, त्यातून थोडं डायमिथाइलअमीन सुटतं. पुढच्या पायरीला सोडियम नायट्राइट घातलं. दोघं भेटली, आणि एनडीएमए झालं. बदल कागदावर छान होता, उत्पादन जास्त यायचं. पण ही दोन रसायनं भेटल्यावर काय होईल हे ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलं नाही. जगभर गोळ्या परत मागवल्या. 2020 मध्ये अमेरिकेने त्याच कारणाने रॅनिटिडीनही बाजारातून काढायला लावलं."

"आणि त्या वेळी माझ्याकडे सत्तरीचे एक गृहस्थ आले," ताई म्हणाल्या. "म्हणाले, गोळी आजपासून बंद. मी म्हटलं, काका, बंद केली तर प्रेशर वाढून आज रात्रीच काही होईल, कर्करोगाची गोष्ट वर्षानुवर्षांची आहे. तुमची कंपनी कोणती, बॅच कोणती ते बघू, डॉक्टरांना फोन लावू, गोळी बदलून घेऊ, पण मध्ये एक दिवस चुकवू नका."

दोघं एकाच गोळीबद्दल बोलत होते. दादाला तिच्यात टेकडी दिसत होती, ताईंना ती गिळणारा माणूस. मला वाटतं, लेकीने काय घ्यावं हे ठरवायला मार्क किंवा पगारापेक्षा हेच विचारावं की यातलं कोणाचं सांगणं ऐकताना तिची काकडी चिरायची थांबली. मी बघत होते. डीएमएफला थांबली होती. पण काकांच्या गोष्टीलाही थांबली, हे मान्य करायला हवं.

"मी बी.फार्म करून मामासारखं काम करू शकते का?" तिने विचारलं.

"करू शकतेस," दादा म्हणाला. "एम.फार्म फार्मास्युटिकल केमिस्ट्रीत केलंस तर. त्यासाठी जीपॅट द्यायची. पास झालीस तर महिना 12,400 रुपये स्कॉलरशिप. नायपर संस्था आहेत. वाट आहे, वळसा घेऊन."

"आणि बी.एस्सी. करून आत्यासारखं?"

"नाही," ताई आणि दादा एकदमच म्हणाले.

फार्म.डी.चा विषय निघाला आणि दोन मिनिटांत मिटला. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, हॉस्पिटलमध्ये काम, आणि आपल्याकडच्या हॉस्पिटलांनी अजून त्यांना मनापासून जागा दिलेली नाही, असं ताईंचं मत. डी.फार्म दोन वर्षांत होतं, त्यांनी स्वतः तिथूनच सुरुवात केली, पण आता रजिस्ट्रेशनआधी एक्झिट परीक्षेचा नियमही आला आहे, आणि बारावीला बरे मार्क असलेल्या मुलीने तिथे थांबू नये असं त्यांना वाटतं. फार्मसीची मुलं हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायच्या कामाला जातात, त्याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. ताई त्याला "औषधाची कारकुनी" म्हणतात. दादाला ते काम महत्त्वाचं वाटतं. त्यावर वाद झाला नाही, कारण जेवायची वेळ झाली होती.

माझं मत अखेर विचारलं गेलं, ताटं मांडताना. मी म्हटलं की बी.एस्सी. घ्यायची तर एम.एस्सी. आणि जॅम आजच घरात मान्य करून घ्यायचं. लग्नाचं स्थळ आलं, नोकरी आली, कोणी आजारी पडलं तरी ती साखळी तुटणार नाही, हे सगळ्यांनी तोंडी नाही तर मनातून कबूल करायचं. ते होणार नसेल तर बी.फार्म. कारण बी.फार्ममध्ये मुलगी चार वर्षांनी थांबली तरी तिच्या हातात सही असते. ताई म्हणाल्या, "हे तू स्वतःसाठी बोलतेयस." बोलत होतेच. पण म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

मग तोडगा दादाने काढला, आणि तो कॅलेंडरवरून निघाला. बी.एस्सी.चे वर्ग जुलैत सुरू होतात. फार्मसीची कॅप मात्र गेल्या काही वर्षांत कौन्सिलच्या मंजुऱ्यांत अडकून लांबत गेली आहे, सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे आत्ता घोलपला प्रवेश घ्यायचा, दोन-तीन महिने केमिस्ट्रीच्या वर्गात आणि लॅबमध्ये खरोखर बसायचं. टायट्रेशन करताना कंटाळा येतो की भूक विसरायला होते ते बघायचं. आणि कॅप राउंडला ऑप्शन फॉर्म मात्र नीट भरून ठेवायचा.

"आणि रविवारी दुकानात यायचं," ताईंनी जोडलं. "गल्ल्यावर नाही. आत फ्रिजजवळ बसायचं, इन्सुलिनचं तापमान दोन ते आठमध्ये आहे का ते वहीत लिहायचं, आणि लोक काय विचारतात ते ऐकायचं. औषध हातात द्यायचं नाही, कलम 42."

लेकीला पटलं. आता फक्त कागदांचा प्रश्न उरला. बी.एस्सी.चं कॉलेज मूळ टीसी आणि मार्कशीट जमा करून घेतं, आणि फार्मसीची सीट फ्रीझ केल्यावर हे कागद चार दिवसांत परत मिळवायला लोक रडकुंडीला येतात. म्हणून दादाने सांगितलं, फी भरताना प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळते ते लेखी घ्या. ताईंनी सांगितलं, सगळ्याच्या पाच-पाच साक्षांकित प्रती काढा. आणि ह्यांना सांगितलं, उद्या पौडला तहसील कार्यालयात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, भाडं खरं लिहून.

हे म्हणाले, उद्या प्लंबर येणार आहे. ताई म्हणाल्या, परवा जा.